मुद्रणदोष

४ फेब्रुवारी

धाकटे,

फोनवर तू "हो ताई, बरं ताई" यापुढे सरकत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात निदान कागद तरी भरावा लागतो.

'खिडकीजवळची खाट' बाजारात येऊन सहाएक महिने झाले. प्रकाशक अधूनमधून वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पाठवतो आणि तो फोडायचं मी उद्यावर ढकलत राहते. मला वाटलं होतं लोक लिहितील, भाषा बरी आहे, मधला भाग जरा लांबलाय. तसं कुणीच लिहीत नाही. जो तो आपलं गेलेलं माणूस पाठवतो. कुणाची आई, कुणाचा जुळा भाऊ, एकीचा तर पोपट. खोटं कशाला बोलू, पोपटाच्या पत्राने मला सगळ्यात जास्त रडवलं. एक गृहस्थ दर वेळी शेवटच्या पानाआधी पुस्तक मिटतात, म्हणजे कादंबरीतला माझा भाऊ मरत नाही. एका बाईंनी पुस्तक नवऱ्याला वाचायला दिलं, त्याने ते अर्ध्यात ठेवून दिलं आणि तेव्हापासून दोघांत अबोला आहे. तो आता मी मोडावा, अशी बाईंची अपेक्षा. आणि सगळी पत्रं फिरून फिरून भावाच्या शेवटच्या शब्दापाशी येतात. तो एक शब्द वाचला आणि आम्ही नुसते बसून राहिलो, असं प्रत्येकजण लिहितो.

मी थकले गं. भाऊ गेल्याचं दुःख लिहून काढलं की मोकळी होईन, असं वाटलं होतं. एक काढलं तर शंभर घरात आली, आणि प्रत्येकाला बसायला खुर्ची हवी.

आणि जिच्या पत्राची वाट पाहिली, तिचं आलं दोन ओळींचं. "पुस्तक मिळालं. कव्हर छान आहे." धाकटे, कव्हर मी काढलेलं नाही. तुझा नवरा आणि माझा भाऊ हा एकच माणूस होता. त्याच्यावर मी लिहिलं ते तुला कसं वाटलं, एवढंच विचारते आहे. वाईट वाटलं असेल तर तसं सांग, तेही चालेल.

'कळावे' वगैरे लिहायचा कंटाळा आलाय.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात नेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत निवांत वाचू म्हणून. सुट्टी झालीच नाही. मालकांनी बाहेर पाटी लावलीय, 'डोळे तपासणी मोफत', त्यामुळे ज्यांना सगळं लख्ख दिसतं तेही येऊन रांगेत बसतात. एकाचं नाक बसकं, एकाचा एक कान वर तर दुसरा खाली, आणि चष्मा सरळ बसला नाही की दोष माझा. संध्याकाळी घरी येते तेव्हा पायांचे तुकडे पडलेले असतात.

पुस्तकाचं म्हणाल तर मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून कव्हरवर भागवलं. पुस्तक छान आहे. शेवट तर फारच छान आहे. हे असते तर त्यांनी कपाटात पुढे लावून ठेवलं असतं, आल्यागेल्याला दिसेल असं. मीही तसंच ठेवलंय.

गठ्ठे तुम्ही स्वतः उचलू नका, गुडघ्याचं पुन्हा निघेल. पोपटवाल्या बाईंना उत्तर दिलंत का?

धाकटी


२७ फेब्रुवारी

धाकटे,

"शेवट तर फारच छान आहे" हे वाक्य मी स्वतः इतक्या न वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलले आहे की मला ते लांबूनच ओळखू येतं. रागावले नाही. पण शेवटात मी एक फेरफार केला आहे, तुझ्याबद्दलचाच, आणि त्यावर तू चकार शब्द काढला नाहीस. म्हणजे एक तर तू मला माफ केलंस, नाहीतर पुस्तक उघडलंच नाहीस. पहिलं खरं असावं असं वाटतं, दुसरं खरं आहे हे माहीत आहे.

पोपटवाल्या बाईंना सविस्तर उत्तर दिलं. बाकीच्यांना देणं जमत नाही. परवाच्या गठ्ठ्यात एक पत्र आहे, ते चार दिवस टेबलावर पडून आहे. एका बाईंचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे. त्या लिहितात, "तुमच्या कादंबरीतल्या बायकोने नवऱ्याचा हात सोडला. तो कसा सोडतात ते मला सांगा. मी दमले आहे." आता मी काय सांगू? मी कुणाचा हात सोडलेला नाही, धरलेलाही नाही फारसा. वाक्य चांगलं जमलं म्हणून लिहिलं होतं. लोक वाक्यं घेऊन घरी जातात आणि त्यांवर घर चालवायला बघतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वाच. नाहीतर मी वाचून दाखवायला येते, आणि मी आले की आठवडाभर हलत नाही हे तुला ठाऊक आहे.

ताई


९ मार्च

ताई, नमस्कार.

तुम्ही ओळखलंत. मी पुस्तक वाचलेलं नव्हतं. आल्या दिवशी पहिलं पान उघडलं, त्यात ह्यांचा खोकला होता, अगदी जसा होता तसा. मिटून कपाटात ठेवलं.

पण आता शेवट कळला आहे. मी वाचला नाही, मला ऐकवण्यात आला. परवा दुपारी दुकानात एक गृहस्थ आले, साठीचे, धिप्पाड. जवळचा नंबर तपासायचा होता. आमच्याकडे त्यासाठी एक कार्ड असतं, वरची अक्षरं मोठी, खाली खाली बारीक. ते म्हणाले, "हे कार्ड मी पाठ केलंय बाई, त्याने काही कळायचं नाही," आणि पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं. कव्हर मी लगेच ओळखलं, तेवढंच तर पाहिलं होतं. त्यांनी खुणेचा कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. मी त्यांच्या नाकावरची फ्रेम धरून उभी होते, त्यामुळे हलताही येईना.

"ती त्याचा हात हातात घेऊन बसली होती. 'पुरे,' तो म्हणाला. मग दाराकडे पाहत पुन्हा म्हणाला, 'पुरे.' तिने हात सोडला."

इथे ते थांबले, चष्मा काढला, रुमाल शोधला. म्हणाले, "नंबर बरोबर आहे, पण अक्षरं हलतायत." मग म्हणाले, "ह्या बाईचं काळीज केवढं असेल." मी फ्रेमचा स्क्रू घट्ट करत राहिले. इतका घट्ट केला की काडी मिटेना, मग पुन्हा सैल करावा लागला.

ताई, मी त्या खोलीत नव्हते. तुम्ही मला तिथे बसवलंत, त्याबद्दल नंतर बोलू. आत्ता मला एकच सांगा. ते 'पुरे' तुम्ही रचलंत, की ते खरंच तसं म्हणाले?

धाकटी


१६ मार्च

धाकटे,

खरंच म्हणाला.

तुला हा प्रश्न का पडला ते मला कळतंय, म्हणून सगळंच लिहिते. त्या दिवशी दुपारी मीच तुला म्हटलं, जा, बाहेर बाकावर जरा पाठ टेक. तुझे डोळे मिटत होते आणि तू भिंतीला धरून उभी होतीस. तू गेलीस आणि पडल्या पडल्या झोपलीस. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, काहीतरी रस्त्याच्या कामाची बातमी. तो मध्येच म्हणाला, "पुरे." मला वाटलं बातमी पुरे, मी पेपर खाली ठेवला. मग दाराकडे बघत पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा मला उमगलं की हे बातमीबद्दल नाही. मी "बरं" म्हटलं आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. थोड्या वेळाने श्वास थांबला. तू उठलीस तेव्हा सगळं झालं होतं.

तो तुला कंटाळला नव्हता गं. दुखण्याला कंटाळला होता. सुया, नळ्या, उशी इकडून तिकडे, किती सोसायचं माणसाने? त्या शब्दात तुझ्याबद्दल काही नव्हतं, याची मी खात्री देते. दमला होता आणि त्याने तसं सांगितलं. सबंध कादंबरीत तेवढा एक शब्द मी रचलेला नाही, आणि लोकांना नेमका तोच लागतो. मलाही तोच लागतो. हल्ली सकाळी उठताना मीही म्हणते, पुरे.

आणि तुला खोलीत बसवलं, कारण तू बाहेर झोपली होतीस हे जगाला कशाला सांगायचं? लोकांना काय, बोलायला तोंड आहे. तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून केलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस.

ताई


२० एप्रिल

धाकटे,

महिना उलटून गेला. फोनही उचलत नाहीस. दुकानात केला तर मालक म्हणाले, कामात आहेत. म्हणजे जिवंत आहेस एवढं कळलं.

मी काही जास्त लिहिलं का? बाकावर झोपल्याचं लिहायला नको होतं का? तुझ्याशी बोलताना माझ्या जिभेला हाड नसतं, हे तू सून म्हणून आलीस तेव्हापासून सगळे सांगतात. प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय, काही दुरुस्त्या असतील तर द्या म्हणतो. मी काहीच पाठवलं नाही. सध्या कशातच मन नाही.

दोन ओळी लिही. कव्हरवर लिहिलंस तरी चालेल.

ताई


२ मे

ताई, नमस्कार.

लिहायला बसत होते आणि उठत होते. आता एकदाचं लिहून टाकते, मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

पुरे म्हणजे मी.

लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी आपण सगळ्या नातेवाइकांकडे जेवायला फिरलो, आठवतं? मी इतकी बुजले होते की कुणी वाढायला आलं की ताटावर हात धरायचे आणि म्हणायचे, पुरे, पुरे. ताट रिकामं असलं तरी. घरी येऊन मग डबे उघडून खायचे. हे हसून बेजार व्हायचे. त्यांनी माझं नावच ठेवलं पुरेबाई, आणि पुढे बाई गळली. पुरे, चहा टाक. पुरे, माझा टॉवेल कुठाय. सबंध संसार मी त्या नावावर केला. चारचौघांत कधी नाही. तुम्ही यायचात तेव्हा मी 'अगं' असायचे, तुम्ही गेलात की पुन्हा 'पुरे'. तुम्हाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आता मला त्या नावाने ओळखणारं कुणी उरलेलं नाही. आजपासून तुम्ही.

त्यांना पुरे झालं नव्हतं, ताई. ते मला बोलावत होते. दाराकडे बघत होते, कारण मी दाराबाहेर होते.

सगळा महिना मला हेच कळत नव्हतं की बरं वाटून घ्यायचं की वाईट. ते कंटाळून गेले नाहीत, याचं बरं वाटतं. मग लगेच डोळ्यांसमोर येतं की ते हाक मारत होते आणि मी भिंतीपलीकडे तोंड उघडं टाकून झोपले होते. मला उठवायला एक हाक पुरली असती, आणि ती हाक त्यांनी मारली होती. तुम्ही "बरं" म्हणालात. तुम्ही मला उठवलं नाहीत याचा मला राग आहे. मायेपोटीच उठवलं नाहीत, शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता, हे सगळं मला समजतं. समजून राग कमी होत नाही. तेवढ्यावर हजारो लोक रडले, मला त्यांचाही राग येतो, आणि त्या बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलंय?

पण कधीकधी मला वाटतं, कशावरून? मीच ओढून ताणून हाक करत नाही ना? खरोखरच पुरे झालं असेल तर? म्हणून विचारते. बस झालं या अर्थी माणूस पुरे म्हणतो ते तोडून म्हणतो. मला हाक मारताना हे शेवट लांबवायचे. पुरेऽ. आतल्या खोलीत पोचायला हवं ना. तुम्ही ऐकलंत ते कसं होतं?

मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. आखूड असेल तर आखूड सांगा. दोन्हीपैकी एकाबरोबर मला उरलेले दिवस काढायचेत, ते कुठलं तेवढं कळू दे.

धाकटी


९ मे

धाकटे,

लांब होतं.

शपथ घालून घेणार असशील तर घाल. पण त्याहून पक्का पुरावा देते. कादंबरीत मी तो शब्द ऐकला तसाच लिहिला होता, पुढे ते शेपूट लावून, 'पुरेऽ'. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांचा मला फोन आला. "बाई, पुरे म्हणजे पुरे. त्याच्यापुढे हे शेपूट कशाला? मरणारा माणूस कशाला लांबवेल? वाचक अडखळेल." मी म्हटलं, तो असाच म्हणाला होता. ते म्हणाले, "असेल, पण छापील पानावर बरं दिसत नाही, गंभीरपणा जातो." मी तेव्हा इतकी दमले होते की म्हटलं, काढा.

कानाने बरोबर ऐकलं होतं धाकटे, चूक डोक्याने केली. आता आठवते तेव्हा सगळं स्पष्ट आहे, माझं मलाच कळत नाही की तेव्हा कसं कळलं नाही. आवाज त्रासलेला नव्हता. थोडा घाईचा होता, एखाद्याला कपाटाची किल्ली सापडत नाही आणि ती कुठेय ते फक्त बायकोला माहीत असतं, तसा. दुसऱ्यांदा अंमळ मोठ्याने होता. मला तो शब्द मोठा वाटला, कारण मला मोठा हवा होता. माझा भाऊ जाताना काहीतरी बोलून जावा, असं मला वाटत होतं, आणि तो नुसता तुला हाक मारत होता. मी तिथेच बसले होते आणि त्याला मी पुरले नाही.

तू रागाव. मी तुला समजावणार नाही.

नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात छापायला जाईल. सांगशील तर ते पान बदलते, सांगशील तर सबंध प्रकरण काढून टाकते. प्रकाशक बोंब मारील, मारू दे. तू म्हणशील तसं.

ताई


२४ मे

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दुकानात उभ्या उभ्याच वाचलं आणि नंतर मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. मालक म्हणाले, बाई, आज पहिल्यांदा बसलेल्या दिसलात.

पान बदलू नका. तुम्ही मला खोलीत बसवलंत, आधी त्याचा फार संताप आला होता. आता वाटतं, राहू द्या. निदान एका ठिकाणी तरी मी त्या खोलीत आहे. हात सोडल्याचं वाक्य मात्र खोटं आहे, मी असते तर सोडला नसता. पण ते लोकांच्या उपयोगी पडतंय असं दिसतं. ते धिप्पाड गृहस्थ चष्मा न्यायला आले तेव्हा सांगत होते की ते पान वाचल्यापासून त्यांना बायको गेल्यावर पहिल्यांदा नीट झोप लागली. आता त्यांना काय सांगायचं? झोपू द्या.

फक्त ते शेपूट परत लावा. बाकी काही नको.

आणि त्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या बाईंना अजून उत्तर दिलं नसेल तर असं लिहा, की हात कसा सोडायचा ते पुस्तकाला माहीत नाही. त्यांनी दुपारची जरा झोप काढावी, पण जो कुणी नवऱ्याजवळ बसेल त्याला सांगून ठेवावं, काहीही बोलले तरी मला उठवा. पाणी मागितलं तरी उठवा.

राग अजून आहे. पण आता तो एका जागी बसून आहे, सारखा अंगावर येत नाही.

धाकटी


११ ऑगस्ट

धाकटे,

नवी आवृत्ती आली. तुझी प्रत वेगळ्या पाकिटाने पाठवली आहे, शेवटचं पान आधी बघ. तपासणाऱ्या गृहस्थांशी माझं वाजलं. कारण विचारत होते. मी म्हटलं, लेखिकेचा हट्ट. एवढं त्यांना पटलं.

त्या बाईंना तू सांगितलंस तसंच कळवलं. उलट टपाली एकच ओळ आली, "सांगून ठेवलं आहे, आणि काल दुपारी झोपले."

गठ्ठे येतातच आहेत. मी आता एका दिवशी दोनच पत्रं उघडते, बाकीच्यांना म्हणते, थांबा जरा. आज उघडलेल्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. अक्षर सुरेख, शाई हिरवी. शाळा सुटली तरी यांचं तपासणं काही सुटलेलं दिसत नाही. पत्राचा मजकूर असा:

"आपली कादंबरी दोन्ही आवृत्त्यांत वाचली. दोन्ही वेळा डोळे पाणावले. तथापि नव्या आवृत्तीत अखेरच्या पृष्ठावर एक गंभीर मुद्रणदोष राहून गेला आहे. 'पुरे' या शब्दापुढे दोन्ही ठिकाणी अकारण अवग्रह पडला आहे. इतक्या हृदयद्रावक प्रसंगी असा निष्काळजीपणा वाचकाला खटकतो. पुढील आवृत्तीत तो अवश्य काढावा."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, असं वाटलं. त्यांचं पाकीट पत्त्यासकट सोबत ठेवलं आहे, काय लिहू ते सांग.

ताई


१९ ऑगस्ट

ताई, नमस्कार.

प्रत मिळाली. शेवटचं पान आधी पाहिलं, मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. खोकल्याच्या पुढे गेले आहे. मधला भाग खरंच लांबलाय.

शिक्षकांना तुम्ही काही लिहू नका. मीच कार्ड टाकलं. त्यात लिहिलं ते तुम्हालाही कळवते.

"गुरुजी, नमस्कार. तो दोष नाही. तो शब्द तसाच आहे. आपण मनात वाचलात म्हणून खटकला असेल. एकदा मोठ्याने वाचून पाहा, दाराकडे तोंड करून, शेवट थोडा लांबवून. बाहेरच्या बाकावर कुणी झोपलेलं असेल तर तिला ऐकू जाईल, इतका."

धाकटी